रक्तातला तिसरा

१२ सप्टेंबर

दादा,

अक्षर ओळखलंस ना? मग परत पाठवायचा विचार सोड. फोन केला असता, पण फोन तू कापतोस. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि एकदा हातात घेतलंस की तू वाचणार. औषधाच्या बाटलीतला तो घडीचा कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचणारा माणूस तू.

मी बरी आहे. आधी ते सांगून टाकते.

आता दुसरं. मला दिवस गेलेत, तिसरा महिना संपत आलाय. उभा असशील तर बस. वहिनीकडे पाणी माग आणि मग पुढचं वाच.

तुझ्या स्वयंपाकघरात आपलं जे काही झालं त्याला आठ महिने झाले. तू म्हणालास, "मी तुला किडनी जगायला दिली, उधळायला नाही." मी म्हणाले, "मग घेऊन जा परत." आईने मध्ये चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला. ते उकरायला मी बसलेले नाही. एवढंच सांगते की मूल हवं हे मी तुझ्या नाकावर टिच्चून ठरवलं नाही. किडनीच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी गोळ्या बदलून दिल्या, सहा महिने थांबायला लावलं आणि मग हो म्हणाले. तू त्यांना विचारलं असतंस तर तुलाही सांगितलं असतं. पण तू तर माझं तोंड बघायला तयार नव्हतास.

असो. काम असं आहे की आईला एक विचारून कळव. आपल्याकडे, तिच्या माहेरी किंवा बाबांच्या बाजूला, कुणाला जन्मापासून मंद वाढीचं मूल झालं होतं का? मी विचारलं तर ती घाबरेल. तू तिला बोलता बोलता विचार. तुला ते जमत नाही हे माहीत आहे, पण प्रयत्न कर.

कारण सांगते. तिसऱ्या महिन्यात होणाऱ्या आईचं रक्त घेतात. त्यातले दोन पदार्थ मोजतात, सोनोग्राफीतलं एक माप त्यात घालतात, आणि यंत्र आकडा काढून देतं: बाळाच्या गुणसूत्रांत दोष असण्याची शक्यता किती. माझा आकडा आला चाळिसात एक. त्याच्यासमोर लाल अक्षरांत 'जास्त धोका'.

तुझे मेहुणे म्हणाले, चाळिसातली एकोणचाळीस ठीकच असतात की. ते बस डेपोत वेळापत्रकं लावतात, त्यांचं गणित तिथलं. चाळिसातल्या एकोणचाळीस गाड्या वेळेवर सुटल्या तर डेपोत त्यांचा सत्कार होईल म्हणे. मी हसले नाही, तेव्हा ते भांडी घासायला लागले. घासलेलीच भांडी घासत होते.

रक्त घेणाऱ्या मुलीची गंमत सांगायची राहिली. ती मुलाखत घेतल्यासारखे प्रश्न विचारते. वय किती, शेवटची पाळी कधीची, साखर आहे का, सिगारेट ओढता का, जुळं आहे का, आपोआप राहिलं की उपचार घेऊन. मग वजन. मी तीन किलो कमी सांगितले. तिने वर बघितलं आणि काट्याकडे बोट केलं. म्हणाली, "ताई, इथे खोटं नका बोलू. अंगाने भरलेली बाई असली की तिच्या रक्तात ते पदार्थ पातळ होतात, यंत्र त्याप्रमाणे हिशोब बदलतं. तुम्ही लपवलेले किलो बाळाच्या खात्यात जातील." मी मुकाट्याने चपला काढून काट्यावर चढले. तुला हसू आलं असेल तर तेवढं तरी कळव.

उत्तर एका ओळीचं चालेल.

ठकू


२१ सप्टेंबर

दादा,

तुझी ओळ आली नाही, वहिनीचा निरोप आला. पत्र पोचलं, ह्यांनी दोनदा वाचलं, काही बोलले नाहीत, आईंना विचारलंय, घराण्यात असं कुणी नव्हतं. वहिनीचे आभार मान. तू स्वतः विचारलंस का तिने, ते मात्र तिने शिताफीने गाळलंय.

मीही मागच्या पत्रात एक गाळलं होतं. वजनाची गंमत सांगितली आणि त्याच्या पुढचा प्रश्न खाल्ला. त्या मुलीने पुढे विचारलं, "काही मोठा आजार? एखादं ऑपरेशन?" आणि मी म्हणाले, "नाही."

ठरवून खोटं बोलले नाही. आपोआप तोंडातून गेलं. हॉस्पिटलमधून मला घरी आणलं तेव्हाचं आठव. येईल तो माझ्याकडे शेवटचं बघायला आल्यासारखा बघायचा. तू मला हाताला धरून गच्चीवर नेलंस आणि शिकवलंस, "कुणी विचारलं काय झालंय, तर म्हणायचं, काही नाही. तुला आजार होता, आता नाही. आता तुझ्यात माझं सामान आहे, आणि माझं सामान आजारी नसतं." पाठ होईपर्यंत म्हणून घेतलंस. त्याला नऊ वर्षं झाली. शेजारणींना, गिऱ्हाइकांना, बसमध्ये भेटलेल्या बायकांना मी तेच सांगत आलेय. त्या दिवशी वजनाचे तीन किलो कबूल केले आणि तुझी अख्खी किडनी गिळून टाकली.

आमच्या बाईंनी, म्हणजे माझं बाळंतपण करणार आहेत त्या डॉक्टरीणबाईंनी, रिपोर्ट बघितला आणि विचारलं, "लॅबला तुमच्या किडनीचं सांगितलं होतं ना?" माझा चेहरा बघून त्यांनी कपाळाला हात लावला. मग समजावून सांगितलं, ते तुला जसंच्या तसं सांगते. यंत्र असं धरून चालतं की आईच्या किडन्या धडधाकट आहेत. मोजतात त्या दोनांतला एक पदार्थ आईच्या लघवीवाटे निघून जात असतो. किडनी हळू चालत असली तर तो रक्तात साचतो, आणि यंत्राला वाटतं की बाळाकडूनच जास्त येतोय. म्हणजे माझा आकडा उगाच फुगलेला असू शकतो. बाळ ठीक असू शकतं.

माझा जीव भांड्यात पडला. बाईंच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून मी तो हातात फिरवत बसले, त्यांनी काढून घेईपर्यंत. खाली येऊन बिस्किटाचा पुडा घेतला आणि बसस्टॉपवर उभी राहून निम्मा संपवला. आणि मग खाता खाता थांबले.

आकडा फुगायला किडनी हळू चालायला हवी ना, दादा? म्हणजे बाळ ठीक असेल तर तुझी किडनी बिघडतेय. आणि किडनी ठणठणीत असेल तर तो आकडा खरा आहे. बाई हे बोलल्या नाहीत. बोलायची गरजच नव्हती, मी नववीत गणितात नापास झाले असले तरी एवढं मला कळतं.

दुसरी एक नवी तपासणी असते म्हणून मी तीही करायला गेले. बाळाचे अगदी बारीक कण आईच्या रक्तात तरंगत असतात, ते वाचतात. या वेळी आत शिरल्या शिरल्या सांगितलं, मला किडनी बसवलेली आहे. तर तिथल्या माणसाने सुई ठेवूनच दिली. म्हणाला, "मग तुमचं रक्त आम्हाला चालत नाही. तुमच्या रक्तात तुमचे कण, बाळाचे कण, आणि ज्याने अवयव दिला त्याचेही कण. कुणाचं काय ते आम्हाला निवडता येत नाही." मी विचारलं, नऊ वर्षांनंतरही? तो म्हणाला, किडनी आहे तोवर.

ऐकलंस? माझ्या रक्तात आम्ही दोघंच नाही, तिसरा तू आहेस. आठ महिने माझ्याशी बोलत नाहीस आणि आत ठाण मांडून बसलायस, ते पण बाळाच्या वाटेत.

आता उरली पोटात सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढायची तपासणी. ती खरं काय ते सांगते. त्यात गर्भ जायचा थोडा धोका असतो. बाई म्हणाल्या, त्या आधी किडनीची रक्ततपासणी करून आणा, ती बघितल्याशिवाय मी सुईला हात लावणार नाही.

करीन या आठवड्यात.

ठकू


१ ऑक्टोबर

दादा,

केली नाही.

बाईंचे दोन फोन आले. पहिल्यांदा सर्दी झालीय सांगितलं, दुसऱ्यांदा दुकानात माल आलाय सांगितलं. तुझ्या मेहुण्यांना सांगितलं की बाई म्हणाल्या घाई नाही. हे तुझ्याखेरीज कुणाला माहीत नाही, आणि तू बोलतच नाहीस म्हणून तुला सांगायला सोपं आहे.

खरं तर किडनीची तपासणी दर महिन्याला करायची असते. तुझी नि माझी भांडणं झाल्यावर सुरुवातीला मी एकटी जात होते. लिफाफा न उघडता डॉक्टरांच्या हातात द्यायचे, ते मान हलवायचे, मी निघायचे. गेले दोन महिने गेलेच नाही. उलट्या होत होत्या हे खरंय, पण ते कारण नाही.

कारण तुला माहीत आहे. त्या दवाखान्याखालचं कँटीन, खिडकीजवळचं डुगडुगणारं टेबल. आठ वर्षं आपण तिथे बसलो. रिपोर्ट तू उघडायचास, चष्मा कपाळावर सरकवून वाचायचास आणि कोल्ड स्टोरेजचं मशीन दुरुस्त केल्यावर मालकाला सांगतोस त्याच आवाजात म्हणायचास, "चालू." बस. आकडा मी कधी विचारला नाही आणि तू कधी सांगितला नाहीस. आपलं ठरलंच होतं तसं. आता मला तो कागद हातात धरवत नाही. मी मोठी बाई आहे, रोज लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढते, आणि स्वतःचा एक आकडा मला वाचवत नाही.

काल आमच्या चष्म्याच्या दुकानात एक आई आली होती, सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन. त्या मुलीला तोच दोष आहे ज्याचा माझ्या रिपोर्टात धोका लिहिलाय. नाक बसकं, त्यामुळे कुठलीच फ्रेम टिकत नाही, सारखी घसरते. तिच्यासाठी मी मागे एक फ्रेम दांड्या तापवून, वाकवून, नाकाजवळ मऊ रबर लावून बनवली होती. ती मोडली म्हणून आल्या होत्या. मुलीने मोडलेले तुकडे माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "मी नाही, कुत्र्याने." आई मागून म्हणाली, "आमच्याकडे कुत्रा नाहीये." मला इतकं हसू आलं, दादा. ती पोरगीही हसली. पकडली गेली म्हणून नाही, मी हसले म्हणून.

त्या गेल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन रडले. तुला वाटेल, तसं मूल होईल म्हणून. नाही. असल्या पोरीला मी आनंदाने सांभाळीन, रोज नवी फ्रेम वाकवून देईन. पण तिला आई लागेल, पुष्कळ वर्षं लागेल. तिची आई चाळिशीची धडधाकट बाई आहे, तरी काल जाता जाता मला म्हणाली, माझ्यामागे हिचं कोण. मी तर दुसऱ्याच्या किडनीवर जगतेय. मला ते मूल कसं असेल याची भीती नाही. त्याला माझी जितकी वर्षं लागतील तितकी माझ्याकडे नसतील, याची आहे.

आणि आता जे लिहिणार आहे ते वाचून हे पत्र फाडलंस तरी चालेल.

मी रोज देवासमोर उभी राहते आणि काय मागते माहीत आहे? माझी किडनी बिघडलेली निघू दे. म्हणजे तो आकडा खोटा ठरेल. तू पोटाला चीर पाडून जी दिलीस, दोन महिने जिना चढताना भिंत धरत होतास ज्याच्यासाठी, ती वाया जावी म्हणून मी हात जोडते. मग लाज वाटते आणि मागणं फिरवते, किडनी ठीक असू दे. मग पोटावर हात जातो आणि पुन्हा फिरवते. दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे दोन भिंगं आलटूनपालटून धरायची आणि विचारायचं, "हे स्पष्ट की हे?" हे माझं रोजचं काम. सध्या मला कोणी तसं विचारलं तर मी खुर्चीतून उठून पळून जाईन.

ठकू


९ ऑक्टोबर

दादा,

घाईत लिहितेय.

बाईंनी आज सरळ तुझ्या मेहुण्यांना डेपोत फोन केला. माझं बिंग फुटलं. ते घरी आले, ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "मला तरी सांगायचं." आयुष्यात पहिल्यांदा ते मला लहान दिसले. आम्ही दोघं जाऊन रक्त देऊन आलो आणि संध्याकाळी रिपोर्ट आणला. मोबाईलवर नको, कागदावरच द्या म्हणून सांगितलं होतं.

लिफाफा बंद आहे. त्यांना उघडू दिला नाही. बाईंना मंगळवारी दाखवायचाय.

तो मी या पत्रासोबत तुला पाठवतेय. कुरिअरवाला म्हणाला सोमवारी सकाळी पोचेल. मला माहीत आहे हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि तुझे मेहुणेही म्हणाले की जगात कोणी असं करत नाही. पण कुरिअरच्या दुकानात तेच माझ्यासोबत आले आणि पाकिटावर तुझा पत्ता त्यांनीच लिहिला.

तू वाच. रागावलेला असशील तर रागावून वाच. मला आकडा नको. एक शब्द कळव. वहिनीकरवी कळवलास तरी चालेल.

ठकू


१७ ऑक्टोबर

दादा,

तू इथे होतास, सगळं तुझ्या डोळ्यांदेखत झालं, तरी लिहितेय. समोरासमोर आपल्याला धड बोलता आलं नाही, आणि आता तुझी गाडी सुटून दोन तास झाले तर मला सगळं बोलायचंय.

सोमवारी दिवसभर मी मोबाईल हातात धरून होते. चार वाजता दुकानाचे मालक म्हणाले, तपासणीच्या खोलीत गिऱ्हाईक बसवलंय. मी आत गेले. अंधारच असतो तिथे, फक्त समोरच्या अक्षरांच्या पाटीवर उजेड. खुर्चीत कोण आहे ते न बघता मी नेहमीसारखी ती चाचणीची जड फ्रेम तुझ्या नाकावर चढवली, एक डोळा झाकला आणि म्हणाले, "खालून दुसरी ओळ वाचा."

तू म्हणालास, "ते राहू दे, मी दुसरंच वाचून आलोय."

मी भिंगांची पेटी टेबलावर ठेवली. तू खिशातून लिफाफा काढलास. उघडलेला होता. मी विचारलं, "चालू?"

तू लिफाफा दोन्ही हातांत धरलास. नऊ वर्षांत पहिल्यांदा नुसतं 'चालू' म्हणाला नाहीस. मग म्हणालास, "चालू आहे. पण दमलीय, ठकू. नेहमी आकडा सव्वाच्या आसपास असायचा. आता एक पूर्णांक नऊ आलाय."

आणि मी हसले.

मला आवरताच आलं नाही. आकडा वाढला म्हणजे किडनी हळू, किडनी हळू म्हणजे यंत्राची फसगत, म्हणजे बाळ बहुतेक ठीक. मी तोंडावर हात दाबून हसत होते आणि मग तुझ्याकडे बघितलं. ती बावळट फ्रेम नाकावर, एक डोळा काळ्या झाकणाखाली, आणि तू रडत होतास. दुसऱ्या डोळ्याच्या भिंगाखालून पाणी गालावर येत होतं आणि ते पुसायला फ्रेम काढायची कशी ते तुला कळत नव्हतं.

एकच आकडा होता. तो ऐकून मी हसले आणि तू रडलास. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मी फ्रेम काढली. तू म्हणालास, "त्या दिवशी मी उधळू नकोस म्हणालो ना, तो शब्द चुकला. मला म्हणायचं होतं, माझ्याकडे दुसरी नाहीये. ही गेली तर मी काय देऊ तुला?"

आठ महिने, दादा. आठ महिने मला वाटत होतं की तू दिलेल्याचा हिशोब मागतोयस. मी मनातल्या मनात तुझ्याशी किती भांडले, काय काय टाकून बोलले, ते तुला कधी सांगणार नाही. आणि तू तिकडे घरात बसून भीत होतास की पुढच्या वेळी आपले हात रिकामे असतील. हे तेव्हाच सांगितलं असतंस तर? पण तू सांगणारा नाहीस आणि मी विचारणारी नाही. आई म्हणायची ते खरंय, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

नंतर मालकांनी दार वाजवून विचारलं, गिऱ्हाइकाचा नंबर निघाला का. तू आतून म्हणालास, "निघाला." बरं झालं, मी तेवढ्यात भिंगं पेटीत लावून घेतली.

मंगळवारी किडनीच्या डॉक्टरांपुढे तू माझ्याआधी खुर्चीत बसलास, ते बघून त्यांना केवढं बरं वाटलं. ते म्हणाले ते मी नीट ऐकलंय, तुला वाटतं तसं माझं लक्ष खिडकीबाहेर नव्हतं. एका गोळीचा अंश रक्तात हवा त्याहून जास्त चढलाय, त्याने किडनीवर ताण येतो. मी दोन महिने तपासणी चुकवली नसती तर तेव्हाच दिसलं असतं. गोळी कमी केली, पाणी वाढवलं, आणि आता दर आठवड्याला रक्त. मी विचारलं, खाली येईल ना परत? ते म्हणाले, "बघू." तुम्ही मेकॅनिक लोक 'बघू' म्हणता तेव्हा निम्मं काम झालेलं असतं. डॉक्टर 'बघू' म्हणाले की मी त्यांचा चेहराच वाचत बसते.

आणि बाईंनी तुझ्यादेखत सांगितलं, त्याचाही मी विसर पडू देत नाहीये. किडनी दमलेली निघाली म्हणून बाळ ठीकच आहे असं सिद्ध होत नाही. आकडा कशाने फुगला असेल त्याचं एक कारण सापडलं, एवढंच. दोन्ही गोष्टी एकदम असू शकतात. मी सोमवारी हसले ते फार लवकर हसले.

सुईची तपासणी पुढच्या मंगळवारी आहे. तू थांबतो म्हणालास, पण तिकडे तुझं मोठं मशीन बंद पडलंय आणि आत लोकांचा टनावारी माल आहे, तू गेलास ते बरोबर केलंस. तुझे मेहुणे येतील सोबत. त्यांनी त्या दिवसाची सगळी वेळापत्रकं आधीच लावून ठेवलीत.

जाताना तू दारात विचारलंस, "रिपोर्ट आला की पाठवशील ना?" मी हो म्हणाले. अजून हो म्हणतेय, पण माझ्या मनात थोडं वेगळं आहे.

आईला सांग, मी जेवतेय.

ठकू


९ नोव्हेंबर

दादा,

सुईची तपासणी नीट पार पडली. दुखलं कमी, भीती जास्त. दोन दिवस मी पाठीवर पडून छताकडे बघत होते आणि पोटात जरा कुठे ओढल्यासारखं झालं की तुझ्या मेहुण्यांना हाक मारत होते. ते धावत यायचे आणि येऊन काय करायचं ते त्यांना माहीत नसायचं. मग पंखा लावायचे. लावलेलाच असायचा.

त्यानंतरचे अडीच आठवडे कसे काढले ते विचारू नकोस. दुकानात एका आजोबांना मी दोन्ही डोळ्यांना एकच नंबर लिहून दिला. ते चष्मा घालून परत आले आणि म्हणाले, "पोरी, तुझंच काहीतरी बिनसलंय." त्यांना मी सांगितलं. हो, सगळं सांगितलं, किडनीसकट. कुणी विचारलं की 'काही नाही' म्हणायचं हे मी सोडलंय. तू शिकवलंस तेव्हा ते बरोबर होतं, आता नाही.

किडनीचा या आठवड्याचा आकडा एक पूर्णांक सहा. त्याआधी एक पूर्णांक आठ होता. डॉक्टर अजून 'बघू'च म्हणतात. सव्वावर परत जाईल की नाही कुणालाच ठाऊक नाही, आणि पोट वाढेल तसा तिच्यावरचा भारही वाढणार आहे. मी घाबरलेलीच आहे, तुला खोटं सांगत नाही. पण दर आठवड्याचे हे आकडे माझे मी वाचलेत. त्याच कँटीनमध्ये बसून, त्याच टेबलावर. ते अजून डुगडुगतं.

काल बाळाचा रिपोर्ट आला. बाई म्हणाल्या फोनवर सांगते, मी नको म्हणाले. तुझे मेहुणे म्हणाले मी वाचतो, त्यांनाही नाही म्हणाले. तुला पाठवेन असं कबूल केलं होतं, ते मोडतेय, रागावू नकोस. तू माझ्यासाठी आठ वर्षं वाचलंस. याचं मला वाचायला हवं. याचं पुढे बरंच काही मलाच वाचावं लागणार आहे, जितकं जमेल तितकं.

खिडकीपाशी उभी राहून लिफाफा फोडला. तीनदा वाचला, मग तुझ्या मेहुण्यांच्या हातात दिला आणि त्यांनीही तीनदा वाचला. आकडे वगैरे तुला नकोत.

चालू.

ठकू